मधनिष्कासन साधने

मधमाश्यांच्या पोळ्यातील पक्व मध पोळे न मोडता, माश्यांची हानी न करता व खाण्यास निर्धोक अशा स्वरूपात बाहेर काढण्यासाठी वापरण्यात येणारी यंत्रे, हत्यारे व भांडी यांना मधनिष्कासन साधने म्हणतात. यांत मध काढण्याचे केंद्रोत्सारी यंत्र (मध्यापासून बाहेर फेकणाऱ्या प्रेरणेवर चालणारे यंत्र) प्रमुख असून मेणझाकणे काढण्याची सुरी, तबक, गाळणी, निवळणटाकी, धुराडे व संरक्षक जाळी ही पूरक साधने होत. नवशिक्या मधपाळाच्या दृष्टीने साधनांची सुरक्षितता तीन प्रकारची असते : मध खाणाऱ्याची, यंत्र चालविणाऱ्याची व माश्यांच्या वसाहतीची. या तिन्हींचा विचार करून केलेली निवड प्रथम माशीच्या जातीवर, नंतर वसाहतींच्या संख्येवर व त्यानंतर यंत्राच्या धातूवर अवलंबून असते. यंत्राचा आकार व किंमत यांचा विचार शेवटी येतो. व्यवहारात मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो व त्यामुळेच नुकसान होते.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : विदर्भाच्या पश्चिम सीमेवरील या जिल्ह्याचे मधमाशीपालनाच्या दृष्टीने तीन भाग पडतात. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याचे जंगल, मध्यभागी मलकापूर, नांदुरा, शेगाव व खामगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा प्रदेश आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांचे पठार. तूर, तीळ, करडई, सूर्यफूल, कोथिंबिरीचा धना, बियाण्याचा कांदा व संत्र्याच्या बागा ही शेतातील, तर निंब, बोर, करंज, चिंच व मोह ही झाडांपैकी मकरंद वा पराग देणारी महत्त्वाची साधने होत. खरिपाच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत एकामागून एक फुलोरा मिळत असल्याने शेतकऱ्याला परागणाबरोबर मधाचेही उत्पन्न घेता येते.

या भागात मधमाश्यांच्या चार जाती आढळतात. आग्या माशी (एपिस डॉर्साटा) व लहान फुलोरी माशी (एपिस फ्लोरिया) या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी माशी (एपिस सेराना इंडिका) झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते व पेटीत पाळता येते. चौथी, म्हणजे युरोपीय माशी (एपिस मेलिफेरा), बाहेरून आणलेली असून ती पेट्यांतून पाळतात [⟶ मधमाशी]. ज्या माश्या चौकटीवर पोळे बांधतात त्यांच्यासाठीच केंद्रोत्सारी यंत्र उपयोगी पडते. आग्या माशीच्या मधासाठी निराळी साधने लागतात.

इतिहास : पूर्वी मध मिळविण्यासाठी पोळे तोडून पिळण्यात येई. त्यामुळे मधाबरोबर अळ्यांचा रस, पराग व मेण मिसळत आणि वसाहतीचा नाश होई. अमेरिकेतील एल. एल. लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये पोळ्यांमध्ये माश्या जी ठराविक मोकळी जागा सोडतात तिचा उपयोग करून सुट्या चौकटींची पेटी तयार केली. जर्मनीत योहानेस मेरिंग यांनी १८५७ मध्ये षट्‌कोनी ठसे उमटविलेला मेणपत्रा बनविला. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी फ्रान्झ फोन ह्रुश्का यांनी १८६५ मध्ये ब्र्नो (आताच्या चेक प्रजासत्ताकातील शहर) येथील मधपाळांच्या संमेलनात पोळे गरगर फिरवून मध काढण्याची युक्ती मांडली. या तीन शोधांमुळे पोळे अखंड ठेवून मध काढणे व रिकामे पोळे माश्यांना परत देणे शक्य झाले. १ किग्रॅ. मेण तयार करण्यासाठी माश्यांना सु. ६ ते ८ किग्रॅ. मध खर्च करावा लागतो असा अंदाज आहे. यावरून पोळे वाचविण्याचे आर्थिक महत्त्व ध्यानात येईल.

दक्षिण भारतात रेव्हरंड न्यूटन यांनी १९११–१७ या काळात सातेरी माशीला मानवेल अशी लहान पेटी प्रचारात आणली. वर्धा येथील मगनवाडीत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाचा समावेश ग्रामोद्योगांत केला. महाबळेश्वर येथे १९४६ मध्ये या उद्योगाच्या शिक्षणाचे व प्रसाराचे काम सुरू झाले; पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली.

यंत्राचे कार्य व प्रकार : यंत्राचा मुख्य भाग म्हणजे एक उभे दंडगोलाकार पिंप. त्याच्या मध्यावरील उभ्या दंडाला जाळीचा पिंजरा बसविलेला असतो. मेणझाकणे काढलेल्या चौकटी पिंजऱ्यात ठेवून दंड फिरविला की, मध पिंपाच्या भिंतीवर फेकला जातो, ओघळून तळाशी जमतो व तोटीतून बाहेर काढता येतो. चौकटींच्या मांडणीवरून यंत्राचे दोन प्रकार पडतात.

स्पर्शरेषीय यंत्रात चौकटीची सपाट बाजू पिंपाच्या भिंतीकडे असते. त्यामुळे एका वेळी बाहेरच्या बाजूचाच मध निघतो आणि चौकट उलटवावी लागते. अरीय यंत्रात चौकटी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे असतात. पोळ्यातील कोठड्या चौकटीच्या वरच्या पट्टीकडे किंचित कललेल्या असल्याने वरची पट्टी बाहेरच्या बाजूस ठेवल्यास दोन्ही बाजूंचा मध एकदमच निघतो. मात्र अरीय यंत्राचे पिंप मोठे असावे लागते व ते पुष्कळ पेट्या असणाऱ्यासच परवडते. नवशिक्यासाठी दोन किंवा चार चौकटींचे, हाताने चालणारे स्पर्शरेषीय यंत्र योग्य होय. ग्रामीण भागातील विजेच्या अनियमित पुरवठ्यामुळे हस्तचलित यंत्राचा आणखी एक फायदा होतो. शिवाय हाताला जाणवणाऱ्या विरोधावरून व थरथरीवरून बिघाड तत्काळ लक्षात येतो.

फिरण्याचा वेग दुप्पट केल्यास पोळ्यावर पडणारा भार चौपट होतो. उदा., ३ किग्रॅ. वजनाची मधाने भरलेली चौकट अक्षापासून २० सेंमी. अंतरावर असेल, तर मिनिटाला १०० फेऱ्यांना तिच्यावर सु. ७ किग्रॅ. वजनाइतका, २०० फेऱ्यांना सु. २७ किग्रॅ. वजनाइतका आणि ३०० फेऱ्यांना सु. ६० किग्रॅ. वजनाइतका भार पडतो. नवे, पांढरे व तारेचा आधार नसलेले पोळे हा भार सहन करू शकत नाही. स्पर्शरेषीय यंत्रात आतल्या बाजूचा मध पोळ्याच्या मधल्या पडद्यावर दाब देत असल्याने पोळे तेथेच फाटते. म्हणून प्रथम मंद गतीने एका बाजूचा साधारण अर्धा मध काढतात, चौकट उलटवून दुसऱ्या बाजूचा पूर्ण मध काढतात व पुन्हा उलटवून पहिल्या बाजूचा उरलेला मध काढतात.

तापमानाचाही येथे संबंध येतो. मध गार असेल तर तो घट्ट होऊन नीट निघत नाही. उलट, मधमाश्यांचे मेण सु. ६२° ते ६४° से. तापमानास वितळत असले, तरी त्याच्या पुष्कळ आधीच ते मऊ पडते. पूर्णेच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा दिवसांत भर दुपारी काढलेली पोळी पिंजऱ्यात वाकतात वा कोसळतात. मध काढण्याचे काम सकाळी अथवा सायंकाळी सावलीच्या बंद खोलीत करणे इष्ट असते.

धातूची निवड : मध हा गोड असला, तरी रासायनिक दृष्ट्या आम्लधर्मी पदार्थ आहे; त्याचे पीएच मूल्य सामान्यतः ३·५ ते ४·५ यांच्या दरम्यान असते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांबे, पितळ, उघडे लोखंड यांच्या दीर्घ सान्निध्यात मध राहिल्यास त्या धातूंचे अंश मधात उतरतात, रंग काळवंडतो व चव बिघडते. जुन्या यंत्रांत सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असत. शिसे शरीरात साचणारे विष असल्याने असे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पिंप, पिंजरा, जाळी व तोटी हे मधाशी संपर्क येणारे सर्व भाग खाद्ययोग्य अगंज पोलादाचे असावेत. सु. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेली व बाजारात ‘३०४’ या क्रमांकाने ओळखली जाणारी जात यासाठी योग्य आहे. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे पोलाद उत्तम, ही समजूत पुरेशी नाही. कमी निकेल व अधिक मँगॅनीज असलेल्या हलक्या जातींनाही चुंबक चिकटत नाही. म्हणून खरेदीच्या पावतीवर पोलादाची जात लिहून घेणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय. सांधे गुळगुळीत व भेगारहित असावेत, कारण भेगेत अडकलेला मध आंबतो व पुढच्या हंगामातील मध नासवितो. पिंपाच्या आतील बाजूस रंग लावलेला नसावा.

यंत्रापेक्षाही अधिक धोका भांड्यांतून संभवतो. जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व तूर ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जात असल्याने कीटकनाशकांचे डबे व पिंपे गावोगाव रिकामी पडलेली असतात. ती कितीही धुतली तरी मध, पाणी वा अन्य खाद्य ठेवण्यास सर्वथा अयोग्य असतात. प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेला विषाचा अंश पाण्याने जात नाही. रंगाचे डबे व वंगणतेलाचे पिंप यांचीही तीच गोष्ट. मधासाठी अगंज पोलादाची, काचेची अथवा खाद्ययोग्य प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची भांडीच वापरावीत.

यंत्रिक सुरक्षितता : हाताने चालणारे यंत्रही निष्काळजीपणाने वापरल्यास इजा करते. फिरत्या दंडात वा दंतचक्रांत बोटे, साडीचा पदर, ओढणी, उपरणे किंवा मोकळे केस अडकण्याचा संभव असतो. म्हणून दंतचक्रांवर बंद आवरण व पिंपावर दोन भागांत उघडणारे झाकण असणे आवश्यक आहे. मूठ सोडल्यावरही पिंजरा काही काळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबण्यापूर्वी हात आत घालू नये. पिंजरा थांबविण्यासाठी रोधक असल्यास उत्तम. समोरासमोरच्या चौकटींचे वजन सारखे नसेल, तर यंत्र हेलकावे खाते. याकरिता यंत्राला तीन भक्कम पाय असावेत व ते फळीला वा जमिनीला खिळीने जखडता यावेत.

दंडाचा खालचा धारवा (दंडाचे टोक ज्यात फिरते तो भाग) मधाच्या पातळीच्या वर, शंकूच्या आकाराच्या उंचवट्यावर असावा. तो मधात बुडत असेल, तर वंगण मधात मिसळते. वरच्या धारव्यासाठीही खाद्ययोग्य वंगणच वापरावे. तोटी तळाच्या सर्वांत खोल ठिकाणी असावी. विजेवर चालणारे यंत्र घ्यावयाचेच झाल्यास भूयोजन (अर्थिंग), वेगनियंत्रक व झाकण उघडताच प्रवाह खंडित करणारी कळ या तीन गोष्टी पाहाव्यात.

पूरक साधने : धुराड्यात वाळलेले शेण, नारळाची शेंडी किंवा स्वच्छ तागाचे पोते जाळतात. प्लॅस्टिकचे विणलेले पोते, तेलकट चिंध्या वा खताची पोती यांचा धूर माश्यांना व माणसांना घातक असून त्याचा वास मधाला लागतो. तोंडावर काळी जाळी, अंगात फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे असावेत. डंख झाल्यावर धाप लागणे, ओठ वा घसा सुजणे, अंगभर गांधी उठणे किंवा भोवळ येणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे असल्याने अशा व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. याच कारणासाठी मध काढण्याचे काम एकट्याने करू नये.

कोठड्यांवरील मेणाची झाकणे काढण्यासाठी लांब पात्याची सुरी वापरतात. नवशिक्याने दोन सुऱ्या आलटूनपालटून गरम पाण्यात बुडवून, पुसून वापराव्यात. सुरी नेहमी हातापासून दूर चालवावी. मेणझाकणे व त्यांतून गळणारा मध गोळा करण्यासाठी जाळीचे तबक लागते. काढलेला मध प्रथम जाड व नंतर बारीक जाळीतून गाळतात आणि निवळणटाकीत एक-दोन दिवस झाकून ठेवतात. फेस व मेणाचे कण वर येतात व तळाच्या तोटीतून स्वच्छ मध मिळतो. मध प्रत्यक्ष विस्तवावर तापवू नये.

मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असल्यास तो आंबतो. भारतातील अन्नसुरक्षा मानकांतही हीच मर्यादा आहे. हे प्रमाण प्रणमनमापक या हातात मावणाऱ्या उपकरणाने मोजतात. ते नसल्यास चौकटीतील निदान तीनचतुर्थांश कोठड्या मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा.

जंगलातील मध : सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरावरील वस्त्यांत राहणारे कोरकू, भिल्ल, निहाल इ. आदिवासी पूर्वीपासून आग्या माशीचा मध गोळा करीत आले आहेत. पेटत्या टेंभ्याने माश्या जाळून संपूर्ण पोळे पाडण्याच्या पद्धतीत हजारो माश्या मरतात, वणव्याचा धोका असतो व पिळलेल्या मधात अळ्यांचा रस मिसळून तो लवकर आंबतो. या पोळ्यात मधाचा साठा वरच्या एका कोपऱ्यात, फुगीर भागात असतो; ग्रामीण बोलीत त्याला ‘कांदा’ म्हणतात. तेवढाच भाग कापून घेऊन अंडी व अळ्यांचा भाग जागेवर ठेवल्यास माश्या बहुधा पोळे सोडून जात नाहीत व त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने विदर्भात या अहिंसक पद्धतीचे शिक्षण दिले आहे.

या कामाची साधने म्हणजे जाड संरक्षक पोशाख, धुराडे, भक्कम दोर व कमरपट्टा, अगंज पोलादाची सुरी आणि झाकणाची बादली. कापलेला कांदा पिळू नये. त्याची झाकणे काढून तो जाळीवर ठेवल्यास मध आपोआप निथळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांत मध व मेण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा किंवा अजिंठ्याच्या रांगांतील ज्ञानगंगा अशा अभयारण्यांच्या क्षेत्रात शिरण्यापूर्वी वनविभागाचे नियम जाणून घेणे आवश्यक असते. नवशिक्याने आग्या माशीच्या वाटेस जाऊ नये. ते काम अनुभवी माणसांच्या सोबतीने शिकावयाचे आहे.

वसाहतींची संख्या व सामाईक यंत्र : सातेरीच्या एका वसाहतीपासून वर्षाला साधारणतः ५ ते ८ किग्रॅ. मध मिळतो. पाच पेट्यांचा मध ४० किग्रॅ.च्या वर क्वचितच जाईल व तोही एकाच वेळी निघत नाही. एवढ्यासाठी स्वतःचे चार चौकटींचे यंत्र घेणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे होय. पहिल्या वर्षी एक चांगले धुराडे, जाळी, सुरी, गाळणी व झाकणाची भांडी एवढेच विकत घ्यावे आणि यंत्र गावातील दोन-चार मधपाळांनी मिळून घ्यावे. युरोपीय माशीच्या पेट्या असतील, तर उत्पन्न पुष्कळ अधिक असते व चार चौकटींचे यंत्र लवकर उपयोगास येते. सातेरीच्या मधकोठीतील चौकटी आखूड व उथळ, तर युरोपीय माशीच्या चौकटी मोठ्या असतात. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी आपल्या पेटीतील चौकट पिंजऱ्यात घालून पाहणे अगत्याचे असते.

सामाईक यंत्रातून रोगही पसरतात. अळ्यांच्या सडरोगाचे जंतू मधातून एका वसाहतीकडून दुसरीकडे जातात. म्हणून प्रत्येक वापरानंतर यंत्र प्रथम गार पाण्याने (म्हणजे मेण चिकटत नाही) व नंतर कढत पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. रोगट वसाहतीच्या चौकटी त्यात घालूच नयेत. मध काढलेल्या ओल्या चौकटी उघड्यावर ठेवल्यास निरनिराळ्या वसाहतींच्या माश्यांत लूटमार सुरू होते. त्या सायंकाळी ज्यांच्या त्यांच्या पेटीत परत द्याव्यात.

जिल्ह्यात बुलढाणा व जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे असून अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेची माहिती जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते प्रत्यक्ष चालवून पाहण्याची संधी प्रशिक्षणात मिळते.

माश्यांचा वाटा : उत्तम यंत्राने सर्व मध काढणे सोपे होते व तेथेच वसाहतीला धोका असतो. मध फक्त वरच्या मधकोठीतून काढावा. खालच्या कोठीतील चौकटींत अंडी, अळ्या व वसाहतीचे स्वतःचे अन्न असते. त्या यंत्रात फिरविल्यास अळ्या मधात फेकल्या जातात व मध नासतो. उन्हाळ्याच्या अखेरीस व संततधार पावसाच्या दिवसांत फुलोरा नसताना माश्या याच साठ्यावर जगतात. तो साठा काढून घेतलेली वसाहत उपाशी मरते किंवा पेटी सोडून जाते. सातेरी माशीत ही प्रवृत्ती विशेष आढळते. हंगामातील शेवटचा मध माश्यांसाठी राखून ठेवणारा मधपाळ पुढील वर्षी नव्या वसाहतीच्या खर्चातून वाचतो आणि तुरीच्या फुलोऱ्याच्या वेळी त्याच्या पेट्या भरलेल्या असतात.